पालथं पडून खेळलेल्या मॅचेस

ऑपरेशनचं आमचं काम झालं, आता उरलेलं तुमचं, असं डॉक्टरबाईंनी दादाला सांगितलं. उरलेलं काम म्हणजे पालथं पडून राहणं. त्याच्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. तो त्यांनी जागेवर बसवला होता आणि तिथेच चिकटून राहावा म्हणून डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला होता. बुडबुडा नेहमी वर जातो. माणूस पालथा असला की तो वर चढून पडद्याला दाबून धरतो, आणि माणसाने मान वर केली की भलतीकडे सरकतो. दहाएक दिवस हे पाळायचं. जेवायला, आंघोळीला उठलं तरी हनुवटी छातीला टेकलेली हवी. उंचीवर वायू फुगतो, म्हणून विमान बंद, घाटरस्ता बंद, बुडबुडा पूर्ण विरेपर्यंत मुक्काम चेन्नईतच.

"आणि नाही पाळलं तर?" दादाने विचारलं.

"तुमचा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "त्याच्या भरवशावर प्रयोग करू नका."

बाहेर आल्यावर मी हेच त्याला मराठीत सांगायला लागले. "कळतंय मला इंग्रजी," तो खेकसला. खेकसला म्हणजे घाबरला होता. त्याचं असंच आहे.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. सोलापुरात त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. गावातल्या कुठल्याही चौकात एखाद्या भावी नगरसेवकाला गॉगल घालून, बोट वर करून, मागे वाघ लावून उभा केलेला दिसला तर तो बहुधा माझ्या भावाने उभा केलेला असतो. चित्रकला हे त्याचं पोट आहे, आणि डोळे हे त्या पोटाचं पोट. तरीही नजरेत खालून काळा पडदा चढायला लागला तेव्हा पठ्ठ्या ऐन सीझन आहे म्हणून काही दिवस अंगावर काढत बसला. शेवटी वहिनीने मला फोन केला. मी चेन्नईत बँकेत आहे, वेलचेरीला राहते. डोळ्यांसाठी निम्मा देश या शहरात येतो, म्हटलं तूही ये. दुकान वहिनीने सांभाळलं आणि हा एकटा माझ्याकडे आला.

आमची आई याच्याबद्दल म्हणायची, पालथ्या घड्यावर पाणी. आता घडा खरोखरच पालथा घालायचा होता, आणि तो राहीना. हा माणूस सिनेमाला गेला तर मध्यंतराच्या आधी दोनदा बाहेर जाऊन येतो. लग्नात अक्षता पडेपर्यंत जागेवर बसलेला मी त्याला एकदाच पाहिला, तो त्याच्या स्वतःच्या लग्नात. पहिल्याच दिवशी त्याने उशा फेकल्या, चटई फेकली, मानेला रग लागली म्हणून माझ्यावर ओरडला आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून माझ्या नवऱ्यावर. माझा नवरा शांत माणूस आहे. त्याचे लोक तंजावरकडचे मराठी, कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले आणि नंतर इथे चेन्नईत, मैलापुरात येऊन राहिलेले. घरात मराठी बोलतात, भांडण मात्र तमिळमध्ये करतात, त्यामुळे दादाचं ओरडणं त्याला भांडण वाटतच नव्हतं.

त्यानेच तोड काढली. मैलापूरला सासूबाईंकडे लोखंडी घडीची खाट होती, नायलॉनच्या पट्ट्या विणलेली. ती त्याने मालवाहू रिक्षात घालून आणली आणि डोक्याकडच्या पट्ट्या सुतळीने बाजूला ओढून बांधल्या. मधोमध चेहरा मावेल एवढी फट झाली. कडेने जुनी चादर गुंडाळली. दादा त्यात तोंड घालून पालथा पडला, हात खाटेवरून खाली सोडले, आणि पहिल्यांदाच दहा मिनिटं गप्प राहिला.

खाटेबरोबर सासूबाईही आल्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं. मी सोलापूरहून लग्न करून निघाले तेव्हा आई मला म्हणाली होती, भाषा तरी कळेल का तुला. सासूबाई खाटेशी वाकल्या आणि फटीतल्या चेहऱ्याला विचारलं, "काय करूलालास, कण्णा?"

खालून आवाज आला, "झोपूलालोय, अम्मा." आणि मग तो हसला. "अगं, या तर आपल्या सोलापूरच्याच की!"

आमच्याकडे खरंच असं बोलतात. तेवढ्यावरून त्या दोघांचं जे जमलं ते जमलं. त्या त्याला रसम पेल्यात घालून, स्ट्रॉ लावून, खाटेखालून पाजायच्या. पालथ्या माणसाला आमटीभात भरवणं हे काम त्या कुणाकडून शिकल्या नव्हत्या, पण एक थेंब सांडायचा नाही.

तरी दिवस जाईना. ऑपरेशनच्या डोळ्याने उजेडाशिवाय काही कळत नव्हतं. आळशी डोळ्याला फरशी आणि आमची पावलं दिसायची, तीही धुक्यातली. मोबाईल खाली धरून बघायला गेला की डोकं दुखायचं. गाणी ऐकून कंटाळला, बातम्या ऐकून चिडला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मानेत कळ आली आणि त्याने एक किंकाळी फोडली. वरच्या पट्टीत सुरू होऊन घरंगळत खाली येणारी, शेवटी दमून विझणारी. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. मी मात्र जागच्या जागी हसायला लागले. ती किंकाळी मला पाठ होती. ती हळद्या मरतानाची किंकाळी होती.

हळद्या कोण, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी नववीत असताना आमच्या पेठेतलं एक गेम पार्लर बंद पडलं. पोरांचे बाप येऊन मालकाला मारायला उठायचे, त्यामुळे त्याने सामान विकायला काढलं. दादाने त्याच्याकडून एक वापरलेलं गेमचं मशीन, दोन रिमोट आणि मूठभर सीडी आणल्या. त्यातली एकच नीट चालायची. एका जपानी ॲनिमे मालिकेवर काढलेला मारामारीचा गेम. ती मालिका आम्ही पाहिलेली नव्हती, तिचं नावही वाचता येत नव्हतं, कारण पडद्यावर सगळं जपानी. कुठला पर्याय दाबला की खेळ सुरू होतो आणि कुठला दाबला की आपली कमाई पुसली जाते, हे आम्ही ठेचा खात शिकलो. दोन खेळाडू समोरासमोर उभे राहायचे, कुणीतरी घशातून काहीतरी ओरडायचं, आणि हाणामारी सुरू.

त्यात आणखी एक गंमत होती. आमच्या टीव्हीवर तो गेम काळा-पांढरा दिसायचा. बाकी सगळं रंगीत, हा एकटा करडा. मेकॅनिकने टीव्ही उघडून बघितला, वायर बदलली, हात टेकले. पुष्कळ वर्षांनी माझ्या नवऱ्याने सांगितलं, की जपानची टीव्हीची पद्धत वेगळी आणि आपली वेगळी, त्यात रंग हरवायचे. तेव्हा आम्हाला काय माहीत? आम्हाला वाटायचं, गेमच तसा. मग रंग आमचे आम्ही दिले. म्हणजे दादाने दिले. उभ्या केसांचा, चेहऱ्यावर कायम राग असलेला एक होता, त्याचे केस करड्यात जरा उजळ दिसायचे. दादा म्हणाला, पिवळे. म्हणून तो हळद्या. एक जाडा, गुळगुळीत डोक्याचा होता, तो चकोट. आणि एक बाई होती, हातात छत्री घेऊन लढणारी. तिचा झगा जांभळा, हे दादाने इतक्या खात्रीने सांगितलं की मला तो जांभळा दिसायलाच लागला. ती माझी. मी कायम छत्रीवाली घ्यायची आणि तो कायम हळद्या.

दादा अभ्यास करून खेळायचा. खाली, पुढे, लाथ. मागे, पुढे, बुक्की. अशी बटणांची गणितं पाठ करायचा. मी दिसेल ते बटण बडवायची. आणि कधी कधी जिंकायची. त्याचा त्याला जो संताप यायचा त्याला तोड नाही. "हे काय खेळणं आहे? कपडे धुतेस काय?" म्हणायचा. मी म्हणायची, धुतले ना पण. मग पुन्हा एक मॅच, आणि पुन्हा एक, आईने मेन स्विच बंद करेपर्यंत.

मालिका माहीत नसल्यामुळे गोष्टही आम्हीच रचली होती. हळद्या आणि छत्रीवाली लहानपणी हरवलेले भाऊबहीण, आणि चकोट त्यांचा सावकार मामा. आता एवढे ॲनिमे बघून झाल्यावर मला खात्री आहे, की मूळ मालिकेत असलं काही नसणार. आमची गोष्ट वाईट नव्हती, एवढं मात्र म्हणेन.

नंतर मी पुष्कळ असे गेम खेळले. त्याच जातीचे, नवे, खोल मैदानात पळत सुटणारे, ज्यात खेळाडू प्लास्टिकच्या बाहुल्यांसारखे चकचकतात. मला ते आवडत नाहीत. जुन्या गेममधले खेळाडू हाताने काढलेले असायचे, एकेक चित्र वेगळं. छत्री उघडताना तिच्या झग्याचा घोळ कसा उडतो हे कुणीतरी बसून काढलेलं कळायचं. दादा ते थांबवून थांबवून वहीत उतरवायचा. तो फ्लेक्सवर नगरसेवकांचं जाकीट वाऱ्यावर उडवतो ना, ते त्याने तिथून उचललंय. नगरसेवकांना हे माहीत नाही.

तर, त्या दुपारी किंकाळी ऐकून मी हसले, आणि खाटेखालून दादाही हसला. "तुझ्या छत्रीवालीची काढ की आता," तो म्हणाला. मी छत्रीवालीची आरोळी ठोकली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

नवरा सगळं ऐकत होता. त्याने ऑनलाइन एक छोटी डबी मागवली, शेकडो जुने गेम आत भरलेली. दोन दिवसांत ती आली. तोवर हवामान खात्याचा अतिवृष्टीचा इशारा आला होता, आणि आमच्या पाणी तुंबणाऱ्या भागातल्या रीतीप्रमाणे तो आधी गाडी उड्डाणपुलावर लावून आला आणि मग डबी टीव्हीला जोडली. यादीत शोधत शोधत मी त्या गेमवर आले. जपानी अक्षरं ओळखीची वाटली. बटण दाबलं.

गेम रंगीत होता.

मी पाहतच राहिले. आकाश केशरी, मागे तांबड्या कमानी. चकोटाच्या अंगावर हिरवं धोतरासारखं काहीतरी. छत्रीवालीचा झगा जांभळा नव्हता, भडक तांबडा होता. आणि हळद्याचे केस निळे. फिकट नव्हे, चांगले मोरपिशी निळे. आम्ही त्याला इतकी वर्षं हळद्या म्हणत होतो.

"लागला काय गं?" खालून दादाने विचारलं.

"लागला," मी म्हटलं.

रंगाचं मी बोलले नाही. का, ते मला तेव्हा नीट कळत नव्हतं. ज्याला बघायचं होतं तो फरशीकडे तोंड करून पडला होता, आणि मी एकटीने बघून घ्यावं हे मला बरं वाटेना, एवढंच.

नवऱ्याने दोन स्पीकर आणले होते, ते खाटेच्या डावी-उजवीकडे खाली ठेवले. दादाच्या लोंबत्या हातात रिमोट दिला. त्याला दिसणार काहीच नव्हतं. माझी कल्पना एवढीच होती, की आवाज ऐकेल, बटणं दाबेल, वेळ जाईल. पहिल्या तीन मॅचेस मी सहज मारल्या. चौथीला तो म्हणाला, "थांब. बोलू नको." आणि ऐकायला लागला.

प्रत्येक खेळाडू उडी मारताना वेगळा हुंकार देतो. छत्री उघडायच्या आधी एक बारीक खट्ट वाजतं. पाऊल डावीकडच्या स्पीकरमधून उजवीकडच्यात गेलं की समजावं, मी त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेले. हे सगळं आमच्या जुन्या टीव्हीतही असणार, पण तेव्हा डोळे होते, कान कोण देतं? संध्याकाळपर्यंत त्याने मला पहिल्यांदा हरवलं. दुसऱ्या दिवशी मी छत्री उघडायच्या आत तो मला उचलून आपटायला लागला. मी बँकेतून घरी आले की पर्स ठेवायच्या आत खाटेखालून हाक यायची, "ये, हात धुऊन ये, मार खायला." माझी बटणं बडवायची विद्या त्याच्यापुढे चालेना, कारण बडवण्याचा आवाज त्याला पडद्याआधी ऐकू यायचा.

आणि तो पालथा राहायचा. तासन्‌तास, न कुरकुरता. जे डॉक्टरबाईंना, वहिनीच्या फोनवरच्या शपथांना आणि सासूबाईंच्या रसमला जमलं नव्हतं ते या गेमला जमलं. मी मनात म्हटलं, हरते बाई रोज, पण हा असाच पडू दे.

दिवसा मी कामावर असताना सासूबाई समोर बसायच्या आणि तो मशीनशी खेळायचा. त्यांना त्या गेमची गोडी लागली. नुसतं बघून त्यांचं भागेना, त्या त्याला सांगायला लागल्या. "आता ते मोटं आलं. आता ते उडालं. अय्यो, पडलं, पडलं."

"अम्मा, तुम्ही सांगू नका," दादा विनवायचा. "मला ऐकू येत नाही ना मग."

"सरी, सरी," त्या म्हणायच्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

एका शनिवारी मी घरीच होते. आमची मॅच रंगली होती. दोघांच्याही अंगात एकेका फटक्यापुरता जीव उरला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बटणं न बडवता, वाट बघून, एकच लाथ मारली आणि ती लागली. हळद्याने ती घरंगळती किंकाळी फोडली. सासूबाईंना राहवलं नाही. पुढे वाकून हळहळल्या, "पावम्! निळ्या केसाचं पोरगं मेलं की हो."

दादाने मान वर केली.

नुसती हलवली नाही, खाटेच्या फटीतून काढून सरळ वर उचलली आणि आमच्याकडे पाहिलं. उजव्या डोळ्यावर झाकण, गालावर चादरीचे वळ. "निळ्या?" तो म्हणाला.

"मान खाली!" मी किंचाळले. नवरा आतून धावत आला. मी रिमोट टाकून त्याचं डोकं धरलं आणि जवळजवळ दाबूनच फटीत घातलं. सगळं मिळून दोन-चार श्वासांचं काम. सासूबाई, ज्यांना आपण काय केलं याचा पत्ताच नव्हता, देवाचं नाव घेत उभ्या होत्या. नवऱ्याने हॉस्पिटलला फोन लावला. त्यांनी सांगितलं, दुखतंय का, काही वेगळं वाटतंय का, नसेल तर पालथं ठेवा आणि उद्या सकाळी दाखवायला आणा. म्हणजे उद्यापर्यंत काही कळणार नव्हतं.

खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा दादा खालून म्हणाला, "निळाय काय गं तो?"

मी खाटेजवळ फरशीवर बसले होते. मनात आलं, सांगून टाकावं. निळा आहे, छत्रीवाली तांबडी आहे, आकाश केशरी आहे, सगळं रंगीत आहे. पण सांगून टाकणं म्हणजे तू काही बघणार नाहीस असं कबूल करणं, असं मला वाटलं. मी हट्टी आहे, हे घरात सगळे म्हणतात. त्या वेळी मी तो हट्ट हाताशी घेतला.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "तुझा तू बघ."

"आणि नाही दिसलं तर?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बनियन घामाने भिजला होता. मग तो आपणहून बोलायला लागला, फरशीशी बोलावं तसा. म्हणाला, दुकानाचं मी बघेन काहीतरी, पोरगं कामाला ठेवेन, मी नुसतं सांगेन, तो काढेल. पण मला भीती त्याची नाही. मला भीती वाटते ती माणसं आवाजावरून ओळखायची सवय लागेल याची. आत्ताच लागलीये. तू आलीस की तुझ्या चपलांवरून कळतं. दाजी आले की किल्ल्यांवरून. अम्मांचं तर पैंजण नसताना कळतं. तुमची तोंडं कशी आहेत हे मला आठवावं लागतं. एवढ्याशा दिवसांत असं होतं, तर जन्मभर काय होईल?

असं तो कधी बोलत नाही. मला तेव्हा वाटलं तेवढं वाईट आयुष्यात क्वचित वाटलं असेल. मी म्हटलं, "गप्प पड." आणि उठून त्याच्या हातात रिमोट दिला. त्या संध्याकाळी आम्ही जास्त खेळलो नाही. पण त्याने मान हलवली नाही, एकदाही. जेवायलासुद्धा उठला नाही, स्ट्रॉनेच प्याला. त्याला गुंतवून ठेवायला आता गेमची गरज नव्हती, भीतीच पुरेशी होती. मला मात्र गेमवालाच दादा जास्त आवडत होता.

सकाळी हॉस्पिटलला नेलं. रिक्षात पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकून बसलेला. डॉक्टरबाईंनी पुष्कळ वेळ दिवा मारून पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, पण डॉक्टरांचे चेहरे काही सांगत नाहीत. "बसलाय पडदा," त्या म्हणाल्या. "पण दृष्टी किती येईल हे वायू गेल्यावर. आणि मान वर का केली?"

दादा म्हणाला, "हरलो म्हणून."

त्या हसल्या नाहीत. दिवस वाढवून दिले.

मग आम्ही वाट बघितली. पालथं राहण्याची मुदत संपली, खाट मैलापूरला परत गेली, सासूबाई तिच्याबरोबर गेल्या. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ते भांडणाचं मशीन मला घरी मिळतं का. दादा आता बसू शकत होता, पण नजरेत बुडबुडा होता. तो सांगायचा, बाटलीत अर्धं पाणी भरून हलवावं तशी एक रेघ डोळ्यात हलते. रेघेच्या एका बाजूला धूसर काहीतरी, दुसरीकडे नुसता लकलकाट. ती रेघ रोज थोडी खाली सरकायची. वर मोकळ्या होत जाणाऱ्या पट्टीत त्याला काय दिसतं हे मी विचारायची नाही आणि तो सांगायचा नाही. टीव्ही आम्ही लावला नाही. त्यानेच नको म्हटलं. "पूर्ण जाऊ दे," म्हणाला. वहिनीचा फोन आला की दोघंही दुकानाबद्दल बोलायचे, डोळ्याबद्दल कुणीच नाही.

एका रविवारी सकाळी मी चहा घेऊन आले तर तो गॅलरीत उभा होता आणि समोरच्या इमारतीकडे बघत होता. "गेला," तो म्हणाला. "काल एक ठिपका होता, आज तोही नाही."

"मग?"

"लाव," तो म्हणाला.

नवरा पाणी भरण्याच्या मोटरवरून वॉचमनशी बोलायला खाली गेला होता. मी डबी चालू केली. दादा सोफ्यावर बसला, सरळ, पाठ टेकून. इतक्या दिवसांनी त्याला असं बसलेलं पाहताना मला तो उंच वाटला. त्याने डाव्या डोळ्यावर तळहात धरला. पडद्यावर केशरी आकाश आलं, तांबड्या कमानी आल्या, आणि खेळाडू निवडायच्या चौकटी. मी छत्रीवाली घेतली. त्याने चौकट सरकवत सरकवत नेली, एकदा चुकून चकोटावर गेला, परत आला.

मॅच सुरू झाली. त्याचा खेळाडू नुसता उभा राहिला. मी मारलं नाही.

"छत्रीची दांडी वाकडी दिसालीय," तो म्हणाला.

"सरळ आहे ती."

"मला वाकडी दिसालीय." मग कमानींकडे बघत म्हणाला, "कमानी पण वाकड्यायत. बाई म्हणाल्या होत्या, रेघा वाकड्या दिसतील म्हणून." अजून पुढे झुकला. एखादं फ्लेक्स छापायला टाकण्याआधी तो जसं बघतो तसं, कपाळाला आठ्या घालून, कोपऱ्यातून कोपऱ्यात. "तुझी तांबडीय की गं. जांभळं कोण म्हणालं होतं?"

"तूच."

"आणि हा." त्याने बोट पडद्याला जवळजवळ लावलं. "निळाच की बे हा! एवढा निळा! आणि मी ह्याला जन्मभर हळद्या..." तो हसायला लागला, स्वतःलाच शिव्या देत. मग डोळ्यावरचा तळहात काढून रिमोट उचलला आणि खेळायला लागला. भयंकर खेळला. कानाने खेळताना जे जमत होतं ते डोळ्याने जमेना. कमानी बघायचा, झगा बघायचा, आणि तोवर मार खायचा. एक मॅच हरला, दुसरी हरला. तिसरीत माझ्या बोटांनी बटणं दाबायचं सोडलं. छत्रीवाली उभीच राहिली. तो तिला मारत राहिला, ती पडली, आणि गेमने जपानीत काहीतरी ओरडून त्याला जिंकल्याचं सांगितलं.

मी रडत होते. नाक ओढत नव्हते, हुंदका नव्हता, हात मांडीवर आणि तोंड टीव्हीकडे. श्वाससुद्धा मी मुद्दाम सावकाश घेत होते, त्याची मजा जाऊ नये म्हणून.

दादाने पुढची मॅच लावायला बटणावर अंगठा ठेवला, आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"रडालीस काय गं, येडे?" तो म्हणाला.